मोझार्टची 'ग्रान पार्टिटा': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीच्या लोकांना ही रचना ऐकवायची मला खोड आहे. ऐकून झाल्यावर (काही वेळा ऐकता ऐकताच) तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं.

ही नेमकी कोणती रचना?

वोल्फगांग आमाडेउस मोझार्टची बी-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतली दहावी सेरेनेड (संध्याकाळी, बहुधा बाहेर वाजवायची करमणुकीची रचना). तेरा वादक, सात भाग, आणि सगळं वाजवायला साधारण पन्नास मिनिटं. मोझार्टच्या रचनांची सूची लुडविग फॉन कोखेल यांनी १८६२ साली केली. तिच्यात हिचा क्रमांक ३६१ आहे. पुढच्या आवृत्तीत कालक्रम बदलला आणि ३७०-अ असा दुसरा क्रमांकही मिळाला. त्यामुळे रेकॉर्डिंग शोधताना 'के. ३६१' आणि 'के. ३७०-अ' असं दोन्ही दिसलं तर गोंधळू नका, रचना एकच.

'ग्रान पार्टिटा' हे नाव मोझार्टनेच दिलं ना?

नाही. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर हे शब्द आहेत खरे, पण ते अक्षर मोझार्टचं नाही. ज्याने लिहिलं त्याने 'पार्टिटा'मध्ये एक 'ट' जास्तीचा घातला आहे. म्हणजे जगभर जे नाव चालतं ते दुसऱ्याचं, आणि तेही चुकीच्या स्पेलिंगसकट. अर्थ साधा आहे: मोठी पार्टिटा. अनेक भागांच्या वाद्यरचनेला त्या काळी पार्टिटा म्हणत, आणि ही त्यातली खरोखरच दांडगी.

हस्तलिखित आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

तेरा सुषिर वाद्यं म्हणजे कोणती?

इथेच पहिली दुरुस्ती. फुंकून वाजवायची वाद्यं बारा. तेरावं डबल बास, म्हणजे तारांचं. 'तेरा सुषिर वाद्यांसाठी सेरेनेड' असं कव्हरवर छापण्याची पद्धत पडून गेली आहे, पण ती बरोबर नाही.

मांडणी अशी: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन बॅसेट हॉर्न, दोन बसून, चार हॉर्न आणि एक डबल बास. हीच यादी जरा वेगळ्या तऱ्हेने लावून बघा. ओबो आणि बसून ही दुहेरी पत्तीची वाद्यं, एकूण चार. आपल्या सनईचं तत्त्वही तेच, दोन पत्त्यांच्या फटीतून फुंकर. क्लॅरिनेट आणि बॅसेट हॉर्न एकेरी पत्तीचे, तेही चार. धातूचे हॉर्न चार. तीन घराणी, प्रत्येकात चार माणसं, आणि सगळ्यांच्या पायाशी एक डबल बास. एवढं लक्षात ठेवलं तरी रचनेचं निम्मं कोडं सुटतं, कारण पन्नास मिनिटं मोझार्ट हेच करत बसतो: या घरातला एक आणि त्या घरातला एक उचलून शेजारी बसवतो, आणि त्यांचं कसं जमतं ते बघतो.

मग डबल बासऐवजी काही जण कॉन्ट्राबसून (बसूनचा आणखी खालच्या आवाजाचा, फुंकायचा भाऊ) का वापरतात?

'तेरा सुषिर वाद्यं' हे नाव खरं करून दाखवायला, असं मी गमतीने म्हणतो. बाहेर, मोकळ्यावर वाजवताना सोय होते हेही खरं. पण मोझार्टच्या हस्तलिखितात स्पष्ट 'कॉन्ट्रा बासो' (म्हणजे डबल बास) लिहिलं आहे, शिवाय तार बोटाने छेडायची आणि पुन्हा गज घ्यायचा अशा खुणा आहेत. कॉन्ट्राबसूनला कुठून आली तार? वाद संपायला एवढं पुरे.

माझ्या कानालाही डबल बासच हवा. बारा जणांना मधूनमधून श्वास घ्यावा लागतो, त्याला लागत नाही. त्याच्या गजामुळे खाली जमीन राहते.

बॅसेट हॉर्न हा हॉर्नचा प्रकार आहे का?

नावावर जाऊ नका. तो क्लॅरिनेटचा थोरला, जरा खालच्या आवाजाचा भाऊ. १७७० च्या सुमारास तो पुढे आला आणि पासाऊ गावच्या मायरहोफर कारागिरांकडे त्याचं श्रेय जातं. जुने बॅसेट हॉर्न मध्येच वाकलेले असत आणि तळाशी एक लाकडी डबी असे. तिला जर्मनमध्ये 'पुस्तक' म्हणत. नळी त्या डबीत आत वर-खाली फिरवून आणलेली, म्हणजे वाद्याची लांबी वाढते पण हात पुरतात.

आवाज क्लॅरिनेटपेक्षा मऊ, किंचित धुरकट. मोझार्टला त्याचं वेड होतं. शेवटच्या 'रेक्विएम'मध्ये (मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या संगीतात) ओबोही नाहीत आणि साधे क्लॅरिनेटही नाहीत, आहेत ते बॅसेट हॉर्नच. 'ग्रान पार्टिटा'त तो चाखायचा असेल तर पहिल्या मिन्युएटचा (नाचाच्या लयीतल्या भागाचा) पहिला ट्रायो, म्हणजे त्यातला मधला तुकडा, लावा. बाकी नऊ जण गप्प आणि फक्त दोन क्लॅरिनेट, दोन बॅसेट हॉर्न. चार भावंडं स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसली आहेत असं वाटतं.

चार हॉर्न कशाला? दोन पुरले नसते?

त्या काळच्या हॉर्नला व्हॉल्व (नळीची लांबी बदलणाऱ्या कळा) नव्हते, ते १८१० नंतर आले. नुसती वेटोळं घातलेली नळी. आपली तुतारी जशी फुंकीच्या जोरावर ठरावीकच स्वर देते, तसंच. मधले स्वर काढायला वादक उजवा हात हॉर्नच्या कर्ण्यात घालून आवाज दाबत, पण तो स्वर झाकोळलेला येई.

मोझार्टने एक जोडी एफमध्ये लावली आणि दुसरी खालच्या बी-फ्लॅटमध्ये. दोघींचे मोकळे स्वर वेगवेगळे, म्हणून एका जोडीला जे येत नाही ते दुसरी देते. वर भरीव आवाजाचा लाभ आहेच. व्हॉल्ववाल्या आधुनिक हॉर्नवर ही युक्ती कानाला कळत नाही, जुन्या वाद्यांवरच्या रेकॉर्डिंगमध्ये लगेच कळते.

बासरी कशी नाही?

व्हिएन्नाच्या फुंकवाद्यांच्या ताफ्यात तिची जागाच नव्हती. पुढचा प्रश्न वाचा.

म्हणजे असे वाद्यवृंद आधीपासून होते? हे जेवणाच्या वेळी वाजवायचं संगीत होतं असं ऐकलंय.

होतं. आणि त्यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे पंगत बसलेली असताना मांडवाच्या तोंडाशी सनई-चौघडा चालतोच की.

ऑस्ट्रिया-बोहेमियाच्या सरदारांकडे फुंकवाद्यांचा छोटा ताफा ठेवायची रीत होती. त्याला 'हार्मोनी' म्हणत. काम ठरलेलं: जेवणाच्या वेळी, बागेत, नावेत, संध्याकाळी कुणाच्या खिडकीखाली वाजवायचं. फुंकवाद्यांचा आवाज उघड्यावर विरत नाही, दवाने तारा उतरायची भीती नाही. १७८२ च्या वसंतात सम्राट दुसऱ्या जोसेफने स्वतःची हार्मोनी उभी केली, दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न आणि दोन बसून. सम्राटाने आठ ठेवले म्हटल्यावर आठ हीच फॅशन झाली. गाजलेल्या ऑपेरांतल्या चाली या आठांसाठी बसवून देण्याचा धंदाही जोरात चाले. मोझार्टने स्वतःच्या 'सेराल्यो' ऑपेराबद्दल वडिलांना लिहिलं होतं की दुसऱ्या कुणी आधी हात मारण्याच्या आत मलाच हे हार्मोनीसाठी बसवून घ्यायला हवं. त्याच्या 'दोन जोव्हान्नी' ऑपेराच्या शेवटी नायक जेवायला बसतो तेव्हा रंगमंचावर अशीच हार्मोनी वाजते, आणि तिसरी चाल मोझार्टच्याच 'फिगारो' ऑपेरातली असते. स्वतःचीच थट्टा.

आणखी एक प्रसंग त्याच्या पत्रातला. १७८१ च्या ३१ ऑक्टोबरला त्याचा नामदिन, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. रात्री अकरा वाजता तो कपडे बदलत होता, तेवढ्यात खाली चौकात सहा वादकांनी त्याचीच ई-फ्लॅटमधली सेरेनेड सुरू केली. ती त्याने त्याच महिन्यात दुसऱ्या एका घरच्या नामदिनासाठी लिहिली होती. वादक गरीब बिचारे होते पण चांगलं वाजवत होते, असं तो लिहितो. त्या पत्रातला आनंद लपत नाही.

'ग्रान पार्टिटा' याच रस्त्यावरून आली, पण आठाच्या जागी तेरा माणसं आणि वीस मिनिटांच्या जागी पन्नास. जेवता जेवता ऐकण्याच्या पलीकडे गेली. सूप गार होईल.

ती कधी लिहिली? स्वतःच्या लग्नासाठी लिहिली म्हणतात ते खरं का?

हस्तलिखितावर १७८० असं साल आहे, पण तेही परक्या हातचं. त्यावरून बराच काळ मानलं गेलं की म्युनिकमध्ये 'इडोमेनेओ' ऑपेराच्या तयारीत असताना ही झाली. पुढे कागदाचा, त्यातल्या जलचिन्हांचा (वॉटरमार्कचा) बारकाईने अभ्यास झाला आणि म्युनिक बाजूला पडलं. आता बहुतेक अभ्यासक व्हिएन्ना धरतात, १७८१ ते १७८४ च्या दरम्यान कधीतरी.

लग्न झालं ४ ऑगस्ट १७८२ रोजी, सेंट स्टीफन कॅथीड्रलमध्ये. नवऱ्याने बायको कॉन्स्टान्झसाठी ही लिहिली ही कथा गोड आहे, पण तिला आधार देईल असा कागद नाही.

मग पहिल्यांदा वाजली कधी?

ठाम नोंद आहे ती २३ मार्च १७८४ ची. व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये क्लॅरिनेटवादक आंटोन श्टाडलरच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. श्टाडलर आणि त्याचा भाऊ योहान दोघेही सम्राटाच्या हार्मोनीत. त्या रात्री सातपैकी चारच भाग झाले. योहान फ्रीडरिश शिंक नावाच्या लेखकाने ते ऐकलं आणि भारावून लिहून ठेवलं. त्याने वाद्यं एकेक मोजून सांगितली आहेत, आणि प्रत्येक वाद्यापाशी एकेक उस्ताद बसला होता असं म्हटलं आहे. त्याच्या यादीतही तेरावं वाद्य तारांचंच.

श्टाडलरबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. मोझार्टने पुढे क्लॅरिनेटसाठी जे काही थोर लिहिलं, १७८९ चं क्विंटेट (पाच वादकांची रचना) आणि १७९१ चा कॉन्चेर्टो (एकटं वाद्य आणि वाद्यवृंद), ते याच माणसासाठी. मित्र म्हणून तो कसा होता ते विचारू नका. मोझार्ट वारला तेव्हा श्टाडलरकडे त्याचे पाचशे गुल्डन (तिथलं चलन) येणे होते, आणि मालमत्तेच्या यादीत ते बुडीत म्हणून दाखवले आहेत.

आणि मोझार्टचं क्लॅरिनेटप्रेम जुनं होतं. साल्झबुर्गच्या दरबारात क्लॅरिनेट नव्हते. १७७८ मध्ये मानहाइमहून त्याने वडिलांना लिहिलं होतं की आपल्याकडे क्लॅरिनेट असते तर किती छान झालं असतं. 'ग्रान पार्टिटा'त क्लॅरिनेटच्या कुळातली चार-चार वाद्यं आहेत त्यामागे ती जुनी भूक आहे, असं मला वाटतं.

सिनेमात मोझार्टचा समकालीन संगीतकार साल्येरी जे ऐकून हादरतो ते हेच का?

हो. १९८४ च्या 'आमाडेउस'मधला तो प्रसंग तिसऱ्या भागाचा, अडाजोचा (संथ भागाचा) आहे. प्रसंग रचलेला आहे, साल्येरीने हे असं ऐकल्याचा काही पुरावा नाही. पण संगीताचं वर्णन नेमकं आहे.

अडाजो ई-फ्लॅटमध्ये आहे. सुरुवातीला खाली नुसती चाल: बसून आणि बास एका संथ लयीत पावलं टाकतात आणि मधली वाद्यं त्या पावलांच्या अधेमधे, ऑफ-बीटवर, धाप टाकावी तशी स्वर टाकतात. सूर असा काही नाहीच. हार्मोनियमचा भाता नुसता चालू ठेवावा तसं. मग वर, बऱ्याच उंचावर, ओबो एक स्वर धरतो आणि धरूनच ठेवतो. ई-फ्लॅटला षड्ज मानलं तर तो पंचम. आपल्या कानाला हे पटकन कळतं, गवई एका स्वरावर थांबतो आणि बैठक शांत होते तसं. तो स्वर विरायच्या आत क्लॅरिनेट तो हातातून घेतो, पुढे बॅसेट हॉर्न घेतो. कोण कधी घेतो आणि कधी सोडतो त्याचे सांधे ऐका. सुमारे पाच-सहा मिनिटांत खालची ती धाप क्षणभरही फारशी थांबत नाही.

रागदारी ऐकायची सवय आहे. मला हे पचत नाही, काय करू?

प्रामाणिक प्रश्न, आणि मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला. रागदारीत आपण एका गळ्याच्या मागे जातो. इथे गळा बदलत राहतो, तंबोरा नाही, आणि आधारस्वरही सरकतो. म्हणून कान सुरुवातीला वरची चाल शोधतो, ती हरवते आणि माणूस कंटाळतो.

माझा उपाय उलटा आहे: चाल सोडा. एक अख्खा भाग फक्त डबल बास आणि बसून ऐका. दुसऱ्यांदा फक्त हॉर्न. तिसऱ्यांदा मधली बॅसेट हॉर्नची जोडी, जी एरवी कुणी ऐकत नाही. चौथ्यांदा काही करू नका, नुसतं बसा. माझ्या एका काकांनी (आयुष्यभर किराणा घराण्याखेरीज काही ऐकलं नव्हतं) असं ऐकल्यावर म्हटलं, "अरे, हे सगळे एकमेकांना जागा देतायत." त्यांना मी त्याआधी वर्षभर हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी) समजावत होतो.

अडाजो सोडून बाकीचे भाग ऐकण्यासारखे आहेत का?

हा प्रश्न ऐकला की मला राग येतो. अडाजो एकटा कापून 'मनःशांतीसाठी संगीत' छाप संग्रहात घालण्याची जी प्रथा पडली आहे तिने या रचनेचं नुकसानच केलं.

पहिला भाग संथ लार्गोने उघडतो. सगळे मिळून भारदस्त स्वर वाजवतात आणि मध्येच क्लॅरिनेट एकटा, काहीसा बावरलेला, वर डोकावतो. मग जलद भाग. दुसरा मिन्युएट. तिसरा अडाजो. चौथा पुन्हा मिन्युएट, त्याचा पहिला ट्रायो बी-फ्लॅट मायनरमध्ये, अंगणात एकदम ढग यावा तसा. पाचवा रोमान्झ, शांत, पण त्याच्या पोटात सी मायनरमधली एक धांदल दडवलेली आहे आणि तिथे बसून अखंड बडबडतात.

सहावा भाग म्हणजे एक साधी थीम आणि तिची सहा रूपं. यातलं पाचवं रूप माझ्या मते अडाजोच्या तोडीचं आहे: वर ओबो सावकाश गातो आणि खाली क्लॅरिनेट, बॅसेट हॉर्न पाण्यासारखे झुळझुळत राहतात. कुणी सिनेमात घातलं नाही म्हणून ते वाचलं. याच भागाचं एक रूप सी मेजरमधल्या एका फ्लूट क्वार्टेटमध्येही (बासरी आणि तीन तारवाद्यांच्या रचनेत) सापडतं.

सातवा भाग धमाल. चार मिनिटांत उधळून संपतो.

कंडक्टर लागतो का?

त्या काळी नसे. आजही अनेक गट बिनाकंडक्टरचे अर्धवर्तुळात बसतात आणि पहिला ओबो किंवा क्लॅरिनेट मान हलवून सुरुवात देतो. तेरा जण म्हणजे अडचणीचाच आकडा: चेंबर म्युझिक म्हणायला जास्त, वाद्यवृंद म्हणायला कमी. लार्गोसारख्या जागी कंडक्टर असला तर बरं पडतं. पण मला बिनाकंडक्टरचं आवडतं, कारण तेव्हा वादक एकमेकांकडे बघतात.

कोणतं रेकॉर्डिंग ऐकू?

विल्हेल्म फुर्टवेंग्लरने १९४७ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या वादकांबरोबर केलेलं आहे. जुना आवाज, रुंद, सावकाश, रंग गडद. एदो द वार्ट आणि नेदरलँड्स विंड एन्सेंबलचं स्वच्छ आणि चपळ. बिनाकंडक्टरचं हवं असेल तर ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा. शिवाय जुन्या धर्तीच्या वाद्यांवरचं एखादं तरी ऐकाच. लाकडी, कमी कळांचे क्लॅरिनेट आणि बिनाव्हॉल्वचे हॉर्न यांत प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा उठून दिसतो. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, डबल बास गायब होतो आणि उरतात ती सगळी तरंगणारी वाद्यं.

भारतात प्रत्यक्ष ऐकायची संधी विरळा, दोन बॅसेट हॉर्नवाले जमवणं हीच मोठी अडचण. मिळाली तर प्रवास करून जा.

हे आवडलं तर पुढे काय?

मोझार्टच्याच आणखी दोन: ई-फ्लॅटमधली के. ३७५ (ती नामदिनाची) आणि सी मायनरमधली के. ३८८. दुसरी इतकी काळोखी आहे की ही सेरेनेड म्हणून कुणाच्या खिडकीखाली वाजवली असेल यावर विश्वास बसत नाही. नंतर द्वोरझाकची १८७८ ची सेरेनेड, जिच्यात फुंकवाद्यांबरोबर चेलो आणि डबल बास आहेत. रिखार्ड श्ट्राउसने तर सतराव्या वर्षी तेरा वाद्यांसाठी सेरेनेड लिहिली. तीत मात्र तेराही जवळजवळ फुंकवाद्यंच धरली आहेत.

दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवल्या तर चालतं का?

आजच्या सभागृहात लोक वळून बघतील. मोझार्टला मात्र चाललं असतं. १७७८ मध्ये पॅरिसला त्याच्या सिंफनीत भाग चालू असतानाच लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तो इतका खूश झाला की कार्यक्रम संपल्यावर आइस्क्रीम खायला गेला, आणि तसं वडिलांना कळवलंही.